‘मयत’ कुणाच्या नावापुढे?

इथले भुताखेतांचे अनुभव गेली दोन-तीन वर्षं गुपचूप वाचतेय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतेय. पिंपळाखालची बाई, रस्त्यात लिफ्ट मागणारा माणूस, मग ‘अहो, तो तर केव्हाच गेला’... मी लातूरच्या एका कॉलेजचं ऑफिस सांभाळते. सव्वीस वर्षं झाली कागदांत बुडून. दाखला, जावक क्रमांक, सही, शिक्का — माझी श्रद्धा एवढ्यावरच. देवाला हात जोडते तेही सवयीने. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

माझे काका, दत्तात्रय, मुदखेडला टेलर होते. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं स्वतःचं घर — दोन खोल्या, पुढे पत्रे, पत्र्याखाली शिलाई मशीन. मूलबाळ नाही. एकोणीस वर्षांपूर्वी एका दुपारी काका अस्तराचं कापड आणायला नांदेडला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. पोलिसात तक्रार झाली, दवाखाने पालथे घातले, फोटो वाटले... काही म्हणता काही पत्ता लागला नाही. सुशीलाकाकू त्या घरात एकटी राहिली, फॉल-पिको करून पोट भरलं. कपाळावरचं कुंकू आणि गळ्यातली पोत मात्र तिने उतरवली नाही, आणि गल्लीत तिला तसं सुचवायची कुणाची टाप नव्हती.

गेल्या वर्षी ती न्हाणीत पडली. शेजारच्या पार्वतीबाईंनी आवाज ऐकला म्हणून बरं. मी लातूरहून निघून पोचेपर्यंत दुपार टळली होती. माझे वडील आता नाहीत, मी एकुलती एक, म्हणजे काकूचं बघणारं दुसरं कुणीच नाही. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं — घर विकायचं आणि काकूला लातूरला न्यायचं. मी एकदा ठरवलं की ठरवलं... आमच्या घरी त्यावरून माझी चेष्टाच होते.

अडचण एकच. घर काकांच्या नावावर. सात वर्षं ज्याची काही खबरबात नाही त्याला कायदा मृत धरू शकतो, पण तसं कोर्टातून जाहीर करून घ्यावं लागतं, आणि अर्ज करायचा बायकोने. शपथेवर.

“म्हणजे हे न्हाईत म्हणून मीच सांगायचं?” काकू म्हणाली.

“फक्त कागदावर गं काकू.”

“कागदावर म्हंजी कुठं?”

मी म्हटलं, अगं सोपस्कार असतात.

“अन् मी लातूरला गेल्यावर हे आले तर?”

“पार्वतीबाई सांगतील ना. कुलूप बघून विचारतील ते.”

“घरच इकलं तर कुलूप तरी कुणाचं ऱ्हाईल, रेखा?”

तरीही मी ते करून घेतलं. चार महिने तिच्या मागे लागले, रागावले, दोनदा रडलेसुद्धा. शेवटी तिने सही केली. कोर्टाचा हुकूम झाला, वारस म्हणून घराला तिचं नाव लागलं, भोकरचे एक शिक्षक घर घ्यायला तयार झाले. सगळं माझ्या मनासारखं झालं. काकू मात्र सही करून आल्यापासून जेवणाच्या ताटावर नुसती बसायची.

आता मुख्य गोष्ट. आमच्या मराठवाड्यात जुन्या पद्धतीच्या कागदात बाईच्या नावानंतर ‘भ्र.’ लिहून नवऱ्याचं नाव लिहितात. भ्र. म्हणजे भ्रतार. आणि गेलेल्या माणसाच्या नावाआधी ‘मयत’. खरेदीखतात घर विकणारा तो ‘लिहून देणार’. म्हणजे आमच्या खरेदीखताची पहिली ओळ अशी हवी होती — लिहून देणार: सुशीलाबाई भ्र. मयत दत्तात्रय.

मसुदा करत होते गोविंदराव, रजिस्ट्री ऑफिससमोर बसणारे दस्तलेखक. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पहिला मसुदा पाठवला. मी ऑफिसात चष्मा लावून वाचायला घेतला.

लिहून देणार: मयत सुशीलाबाई भ्र. दत्तात्रय.

मी फोन लावला. “गोविंदराव, जिवंत बाईला मारलंत की हो!”

“काय सांगून राहिले मॅडम! तीस वर्षं हेच काम करतो, असं कधी झालं न्हाई,” म्हणाले बिचारे. लगेच दुरुस्त करून पाठवलं. मोबाइलवर बघितलं तर नीट. मी ऑफिसच्या प्रिंटरवर प्रत काढली. कागदावर परत ‘मयत’ काकूच्या नावापुढे.

हसलेच मी. मराठी फॉन्टचा घोळ आमच्या पाचवीला पुजलेला आहे. एका कॉम्प्युटरवरची फाइल दुसऱ्यावर उघडली की वेलांट्या उडतात, रफार भलतीकडे बसतो. पण अख्खा शब्द उचलून दोन शब्द अलीकडे जाऊन बसतो, असं कधी पाहिलं नव्हतं. आमच्या कॉम्प्युटरवाल्या कुलकर्णी सरांनी दहा मिनिटं डोकं खाजवलं आणि चहाला निघून गेले.

मग मी ते पहिलं पान स्वतः टाइप केलं. प्रिंट काढली, शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला मोठ्याने वाचायला लावली. तिने वाचलं — सुशीलाबाई भ्र. मयत दत्तात्रय. बरोबर. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं, फोल्डर माझ्या पर्समध्ये, पर्स माझ्या मांडीवर. दुसऱ्या दिवशी मुदखेडला पोचेपर्यंत मी ती खाली ठेवली नाही.

काकू पत्र्याखाली मशीनपाशी बसली होती. म्हटलं, सही करण्याआधी एकदा वाचून घे, उगाच म्हणशील रेखाने फसवलं. ती चौथी शिकलेली. ओळीखाली बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचते.

“म... य... त... सुशीलाबाई... भ्र. दत्तात्रय.”

मी कागद बघितला. तसंच होतं. अंगातलं रक्त गोठलं वगैरे तुम्ही लिहिता ना, तसलं काही झालं नाही. मला आधी प्रचंड राग आला. कुणावर, ते कळेना.

काकू मात्र हसत होती. कितीतरी महिन्यांनी मी तिला हसताना बघत होते.

“ह्यांच्या नावापुढचं निघालं की गं!”

“चूक आहे ती काकू. टायपिंगची.”

“चूक कशाची? नीट हाय. ऱ्हाऊ दे.”

“अगं तुला मेलेली दाखवलीय त्यात!”

“दाखवू दे की. एकाच्या नावाला लागणारच हाय ना ते? मला लागू दे.”

मी तो कागद तिच्या हातातून ओढला आणि फाडला. तिच्यावर ओरडलेही. ‘काहीतरी अशुभ बोलू नकोस’ असं मी म्हणाले... मी! ती उठली आणि माझ्यासाठी भाकरी टाकायला आत गेली.

शुक्रवारी रजिस्ट्री होती. सकाळी गोविंदरावांच्या टपरीवर आम्ही चौघांनी मिळून नवी प्रत तपासली. गोविंदराव, भोकरचे सर, त्यांची बायको आणि मी. सरांनी तर ‘मयत’ शब्दाखाली पेन्सिलीने बारीक खूण केली. खूण काकांच्या नावाआधीच्या शब्दाखाली होती, हे चौघांनीही पाहिलंय. काकूने प्रत्येक पानावर सही केली. आत गेलो. नंबर आला. साहेबांनी पहिलं पान बघितलं आणि मान वर केली.

“लिहून देणार कोण आहेत?”

“ह्या,” मी काकूला पुढे केलं.

“ह्या तर मयत दाखवल्यात.”

मागच्या बाकावरचे लोक खो-खो हसले. काकूही हसली. मी कागद घेतला. पेन्सिलीची खूण जागच्या जागी होती, काकांच्या नावाच्या अलीकडे, मोकळ्या जागेखाली. शब्द तेवढा तिथे नव्हता. भोकरच्या सरांचा चेहरा पांढरा पडला, त्यांची बायको त्यांचा शर्ट धरून ‘चला, चला’ करायला लागली. साहेब वैतागून म्हणाले, दुरुस्त करा, सोमवारची वेळ घ्या.

परत येताना ऑटोत काकूने माझा हात हातात घेतला. “आता नगं बदलू,” म्हणाली. “लई पाया पडले होते मी त्यासाठी.”

कुणाच्या पाया पडली, केव्हा, हे मी विचारलं नाही. मला ऐकायचंच नव्हतं. सोमवारी हा विषय संपवायचा आणि मंगळवारी तिला घेऊन लातूर गाठायचं, एवढंच डोक्यात होतं. शनिवारी तिची भांडी बांधली, गोधड्या बांधल्या. ती शांतपणे बघत होती, मध्येच ‘ते पातेलं पार्वतीला दे’ असं सांगत होती.

रविवारी सकाळी ती आंघोळ करून, कुंकू लावून पत्र्याखाली मशीनपाशी जाऊन बसली. मी आत चहा टाकला. “साखर कमी घाल,” असं तिने ओरडून सांगितलं. चहा गाळून मी बाहेर आले तर मान मशीनवर टेकलेली. डॉक्टर म्हणाले, हार्ट. वय झालं होतं, बीपी होतं. त्यांच्या दृष्टीने त्यात विचित्र काहीच नव्हतं.

गल्लीतल्या बायका जमल्या. थोड्या वेळाने पार्वतीबाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “ताई, बाईला कसं न्यायचं? हिरवं नेसवायचं का...”

कोर्टाचं सगळ्या गल्लीला माहीत होतं. सवाष्ण गेली तर हिरवं लुगडं, मळवट, खणा-नारळाची ओटी. विधवा गेली तर ह्यातलं काही नाही. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, कारण कागदपत्रं माझ्याकडे होती. हुकूम माझ्याच पर्समध्ये होता, तिच्या शपथेसकट. त्याप्रमाणे ती विधवा होती. मीच तिला केली होती.

“हिरवंच नेसवा,” मी म्हटलं. “मळवट भरा.” आणि मग जी रडले ती किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.

नंतर गोविंदरावांनी त्यांच्या कॉम्प्युटरवरची फाइल मला उघडून दाखवली. त्यात आजही सगळं बरोबर आहे. छापलेली एकच प्रत उरलीय, पेन्सिलीच्या खुणेची, तिच्या सह्यांची. ती मी पुन्हा पुन्हा बघते. शब्द काकूच्याच नावापुढे आहे, आणि आता ते खरंही आहे. फॉन्ट म्हणा, प्रिंटर म्हणा, चार माणसांची नजर एकदम चुकली म्हणा... मी सगळं म्हणून बघितलंय. तिला आधीच कळलं होतं, की तो कागद मी तिच्या हातात दिला म्हणून ती गेली? ह्याचं उत्तर मला मिळत नाही, आणि विचार केल्याशिवाय एक दिवस जात नाही.

वकील म्हणतात, घर आता वारसाने माझ्याकडे येतं. आश्चर्य म्हणजे भोकरच्या सरांना ते अजूनही हवंय. गोविंदरावांनी नवा मसुदा करायला घेतलाय. त्यात काकूच्या नावाआधी ‘मयत’ लिहावं लागेल, आणि काकांच्या नावाआधीही. त्याशिवाय घर माझ्याकडे आलंच कसं, हे कागदावर दाखवता येत नाही. नियम मला माहीत आहे, सव्वीस वर्षं मीच तो लोकांना समजावून सांगत आलेय.

पण तिने काकांच्या नावापुढून काढून जे स्वतःवर घेतलं, ते मी परत तिथे कसं लिहू? गोविंदराव दर आठवड्याला फोन करतात, “मॅडम, करू का फायनल?” आणि मी दर वेळी पुढच्या आठवड्यावर ढकलते.