लाल रेघ आणि पांढरी पट्टी

दोन वर्षं मी सायकल फक्त झोपेत चालवली. स्वप्नातला रस्ता ठरलेला असायचा. छावणी मागे पडायची, पडेगाव यायचं, आणि पुढच्या चढावर मी पायडल न मारताच तरंगत वर जायचो. चाकांचा आवाजसुद्धा नसायचा. जाग आली की उजवा खांदा ठणकायचा आणि मग आठवायचं, आपण पडलो होतो.

पडलो तेही काही मर्दुमकी गाजवताना नाही. कुत्रं आडवं आलं, मी त्याला वाचवलं आणि स्वतःचं हाड मोडून घेतलं. कुत्र्याने वळूनही बघितलं नाही. दवाखान्यात बायको एवढंच म्हणाली, "आता सायकलचं नाव काढायचं नाय." मी काढलं नाही. गॅलरीत भिंतीला टेकवून सायकलवर जुनी चादर टाकली आणि पहाटेच्या पाळीला कंपनीच्या बसने जाऊ लागलो. चादरीकडे मी बघायचोच नाही. बघितलं की दिवसभर कुणावर ना कुणावर खेकसायचो.

यंदाच्या थंडीत ओळखीच्या एकाने सायकल मागितली. रविवारी संध्याकाळी येऊन घेऊन जातो म्हणाला. बायकोला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. मला वाटलं होतं ती खूश होईल. ती पानं खुडत राहिली. जुडी संपल्यावर म्हणाली, "एकदा चालवून बघा. मग काय ते ठरवा." मग मी ठरवलं: सकाळी दौलताबादच्या किल्ल्यापर्यंत जाऊन आलो तर सायकल राहील, नाही जमलं तर संध्याकाळी जाईल.

रविवारी चादर काढली, चाकं दाबून पाहिली. हवा टच्च! दोन वर्षं हवा टिकली याचं मला कोण कौतुक वाटलं. साखळीलाही तेल होतं. किती निगुतीने ठेवली होती आपण, म्हणत मी माझीच पाठ थोपटली. शहाण्या सायकलवाल्याने तिथंच डोकं खाजवलं असतं.

बाहेर दाट धुकं होतं. क्रांती चौकातले दिवे पिवळे, ओलसर दिसत होते आणि त्यांच्याखालून मी कुणाच्या तरी स्वप्नातून चाललो होतो. छावणीतली झाडं अर्धीच होती, वरचा भाग धुक्याने काढून घेतलेला. गार वारा कानात शिरला आणि मला उगाचच हसू आलं. दोन वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

पण पाय! पाय सरळच होईनात. दर फेऱ्याला गुडघे वर येत होते, मांड्या भरून आल्या होत्या. पडेगाव येईपर्यंत मी पुरता घामाघूम झालो. खरं तर कुणालाही पहिल्या चार पायडलांत कळलं असतं की सीट खाली गेली आहे. मला कळलं नाही, कारण दोष माझ्यातच आहे हे मी घरूनच ठरवून निघालो होतो. आता वय झालं, संपलं, असं म्हणत मी रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीपाशी उतरलो. सायकल देऊन टाकायची, हेही तिथंच नक्की केलं.

चहावाला माझ्याकडे न बघता सायकलकडे बघत होता. "ओ साहेब, ही सायकल कुठून आणली?"

"माझीच आहे."

"आँ? ही तर ताईची हाय. आठवड्यातनं तीन-चारदा येतात सकाळी. पाणी पितात अन् जातात माघारी. त्यांनी इकली का काय?"

मी वळून सायकलकडे पाहिलं. सीटची दांडी जिथं नळीत शिरते तिथं, दांडीवर, माझ्या उंचीची खूण म्हणून मी बायकोच्या नेलपेंटने एक लाल रेघ ओढली होती. ती दिसत नव्हती. जिथं ती असायची तिथं आता पांढरी चिकटपट्टी होती. पट्टी मी लगेच ओळखली. माझ्या खांद्याच्या ड्रेसिंगची होती ती.

मी खटका सैल करून सीट वर ओढली. चांगली चार बोटं वर आली आणि नळीतून माझी लाल रेघ बाहेर निघाली, जरा खरचटलेली.

मग किल्ल्यापर्यंत पाय आपोआप फिरत राहिले. धुक्यात किल्ल्याचा खालचा डोंगर नव्हताच, नुसता माथा अधांतरी होता. मी बराच वेळ खाली उभा राहिलो. मी दोन वर्षं माझं काय गेलं तेवढंच मोजत बसलो होतो. मी बसमध्ये चढल्यावर ही बाई घरात काय करते, हे एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली, आणि त्याच्याबरोबर इतका आनंद झाला की दोन्ही वेगळे काढता येईनात.

घरी आल्यावर जिन्याखालीच सीट परत पांढऱ्या पट्टीवर आणली आणि सायकल वर नेली. दार उघडून तिने आधी सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कळलं व्हय?"

"तुला येते सायकल?"

"पाचोडला शाळेत असताना भावाची चालवायचे. तुम्ही कधी इचारलंच नाय."

"मग माझी का बंद केलीस?"

"भीती वाटली म्हणून. मग म्हणलं, बघावं तरी, असं काय हाय त्या रस्त्यात." तिने सीटवरून हात फिरवला. "लई भारी वाटतं की ओ."

"आणि सीट?"

"रोज वर करून ठेवायचे, तुमच्या रेघेवर. काल नाय केली."

"विसरलीस?"

"नाय. तुम्ही देऊन टाकणार म्हणलात ना. म्हणलं, जायच्या आधी कुणाला तरी दिसू दे."

मी चहा टाकला, आणि साखर दोनदा घातली. तिने तो तसाच प्यायला.

संध्याकाळी तो माणूस यायला निघाला, त्याचा फोन आला. मी हात पुढे करायच्या आत तिने उचलला.

"सायकल द्यायची नाय," ती म्हणाली. "घरात रोज लागती."