गंध लावलेला कॅमेरा

शेजारचं दुकान फोडलं गेलं, तेव्हा आमच्या तंजावरच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या किराणावाल्यानं गल्ल्यावर कॅमेरा बसवला. आयुधपूजेला त्यानं तराजू, कात्री, शटर यांच्याबरोबर कॅमेऱ्यालाही गंधकुंकू लावलं, तेही थेट भिंगावर. आठवडा झाला तरी ते पुसलेलं नव्हतं. उलट रोज दुकान उघडलं की आधी कॅमेऱ्याला हात जोडायचा.

पोत्यातले शेंगदाणे नेहमीसारखे मुठीत घेत मी म्हटलं, “अण्णा, याला आता काही दिसत नाही हो.”

तमिळ हेल काढत तो शांतपणे म्हणाला, “देवळातल्या गणपतीला डोळे झाकेपर्यंत चंदन थापतात. म्हणून त्याच्यापुढं कोणी चोरी करतं काय? तुम्हीच सांगा.”

मी कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि शेंगदाणे हळूच पोत्यात परत टाकले.