हत्तीची पिशवी

मंगळवारी सकाळी माझी मुलगी गेली. तीन दिवस ताप होता. आम्ही तिला घेऊन अलिबागच्या इस्पितळात गेलो आणि तिला घेऊन रेवदंड्याला परत आलो. ती सात वर्षांची होती.

आमच्या घरात माणूस गेलं की त्याच्या वापरातलं सगळं दहाव्या दिवशी खाडीत सोडतात. काही मागे राहिलं तर जीव त्यात अडकतो, असं सासूबाई मानतात. त्या फ्रॉक, चपला, रंगपेटी गोणीत भरू लागल्या तेव्हा मी तिचा कापडी हत्ती माझ्या उशीखाली ढकलला. त्याचा डावा कान तोंडात धरल्याशिवाय ती झोपत नसे. त्या कानाला तिचा वास होता. खोबरेल, दूध, थोडी आंबट लाळ. घरात दुसरीकडे तो कुठेच उरला नव्हता. चादरी, अभ्रे मी एकेक करून हुंगले होते. त्यांना औषधाचा वास येत होता.

हत्तीची पिशवी करायची कल्पना माझीच. खेळणं खाडीत जातं, पण पिशवी म्हणजे घरातली वस्तू, ती कोण सोडेल? मी गावातल्या वाचनालयात काम करते. चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला असले युक्तिवाद सुचतात.

मला शिवण येत नाही. नवरा मच्छीमार, जाळी दुरुस्त करून हात बसलेला. सुतकामुळे होडी किनाऱ्यावर ओढलेली होती आणि तो दिवसभर पडवीत बसून असे. मी हत्ती त्याच्यापुढे ठेवला, काय हवं ते सांगितलं. त्याने ब्लेडने पोटाची शिवण उसवली आणि आतला कापूस बाहेर काढला. डोकं रिकामं होऊन खाली लोंबलं. मग माझ्या जुन्या पर्सची चेन त्या पोटाला लावायला घेतली. जाळ्याचाच नायलॉन दोरा, आणि सवयीने प्रत्येक टाक्याला गाठ.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सुतकात सुई धरलीस? आनि हत्तीचा पोट फारलास?"

"पिशवी आहे, आई," मी म्हटलं.

"हत्ती हाय तो. मना दिसतंय."

"चेनवाला हत्ती कुठं बघितलास, आये?" नवरा मान वर न करता म्हणाला. "कांदे ठेव त्याच्यान."

"कांदं तुझ्या टकल्यान ठेवतंय."

त्या दहा दिवसांत घरात कुणी हसण्याच्या जवळपास गेलं ते एवढंच. मग त्या खाली बसल्या आणि जमिनीवर पडलेला कापूस पदरात गोळा करू लागल्या.

"आतला सोडू. वरचा ठेव तू," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "पिशवी पान्यात टाकीत न्हाय."

दहाव्या दिवशी नवरा गोणी घेऊन खाडीवर गेला. कापूस त्या गोणीतच होता. मी गेले नाही. आतल्या खोलीत आडवी होऊन पिशवीचा कान नाकाशी धरला आणि मुलगी गेल्यापासून पहिल्यांदाच मला झोप लागली.

दहाव्याला सुतक संपलं की घरातलं सगळं कापड धुवायचं असतं. पडदे, गोधड्या, पायपुसणी, पिशव्या. लग्न होऊन आल्यापासून मी हे दोनदा पाहिलं होतं, स्वतः धुतलंही होतं. हत्ती हत्तीच राहिला असता तर खाडीत गेला असता. त्याची पिशवी करून मी त्याला धुण्यात आणलं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

जाग आली तेव्हा हात रिकामे होते. अंगणातल्या दोऱ्या कपड्यांनी भरल्या होत्या. जागा उरली नाही म्हणून पिशवी शेजाऱ्यांच्या बोंबील वाळवायच्या बांबूवर टांगली होती, बोंबलांच्या रांगेत, चेन उघडी, पाणी निथळत.

"येक कान लय मललेला," सासूबाई म्हणाल्या. "दोनदा घासला. आता बघ, कसा नवा झालाय."

त्यांची बोटं सोड्याने पांढरी पडली होती. साऱ्या घराण्यात नातीचं खेळणं घरात राहू देणारी बाई ती एकटीच असेल. त्यांना मी काय सांगणार होते? "छान निघाला," मी म्हटलं.

ओलीच पिशवी काढून आत नेली. कानाला साबणाचा वास होता आणि त्याखाली बोंबलाचा. वाळल्यावर मी चेन लावून ती पत्र्याच्या डब्यात ठेवली, आठवड्याने उघडली, मग महिन्याने. वाचनालयात पन्नास वर्षांच्या पुस्तकांचा वास टिकून असतो, म्हणून मला वाटलं होतं की खोल कुठेतरी थोडा राहिला असेल. नवऱ्याने एकदा मला तसं हुंगताना पाहिलं. तो बाहेर गेला.

आता डबा सासूबाईंनी तांदळाला घेतला आहे. पिशवी खिडकीजवळच्या खिळ्याला असते, रिकामी. बोंबलाचा वासही आता गेला आहे.