काय करायलात, काका?

शेजारचा तरुण रोज सकाळी लेकीला पुढं उभं करून स्कूटर काढायचा आणि माझ्या फाटकापाशी हमखास थांबायचा. हँडलला लेकीचा डबा, बायकोची पिशवी आणि हेल्मेटही लटकलेलं. "काय करायलात, काका?" मी पेपर वाचतोय हे त्याला दिसत असायचं, तरी उत्तर मिळाल्याशिवाय तो हलायचा नाही.

एकदा मी त्याला लेकीसमोरच टोकलं. "करायलात नव्हे, करत आहात म्हणावं. पोरगी हेच उचलेल." शाळेत मराठी शिकवल्याचा माज, दुसरं काय! "बरं काका," म्हणून तो हसला. दुसऱ्या दिवसापासून मात्र नुसती मान हलवून जाऊ लागला. पेपर संपला तरी मी ओट्यावर बसून राहायचो.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. मी मूळचा त्याच्याच मुलखातल्या झरी गावचा. माझी आई जन्मभर त्याच्यासारखंच बोलली, आणि शाळेतले सहकारी घरी आले की मी तिला आत बसायला सांगायचो.

महिन्याभरानं स्कूटर पुन्हा फाटकापाशी थांबली. त्यानं लेकीला हळूच ढोसलं. ती हात जोडून एका दमात म्हणाली, "आजोबा, आपण काय करत आहात?"

"पाठ करून घेतलं, काका. बरोबर हाय ना?" त्याचा चेहरा फुलला होता. "मलाच जमंना, म्हणून बोलत नव्हतो."

मी पेपर बाजूला ठेवला.

"तुमची वाट बघायलोय, बाई," मी तिला म्हणालो.