ओझं पुढे, हाकणारा मागे

मोरोक्कोतल्या फेझच्या जुन्या शहरात अल्लालला न ओळखणारा माणूस एक तर परगावचा, नाही तर कालच जन्मलेला. खेचरावरून ओझी वाहायचा त्याचा धंदा. गॅसच्या टाक्या, कच्ची कातडी, नव्या संसाराची कपाटं, सगळं त्याच्या मसऊदा खेचरीच्या पाठीवरून चढ चढायचं. एकदा एका नवरीचा फ्रिज पोचवला, तर आत तिच्या आईनं अंडी भरून ठेवलेली! एकही फुटलं नव्हतं. अंडी का भरली, ते त्या बाईलाच विचारायला हवं. मसऊदाला मात्र त्यानं उभ्या जन्मात काठी लावली नाही. म्हणायचा, "मी दमलोय हे तिला कळतं हो. मग ती माझ्यासाठी जरा जोरात चालते."

त्या वसंतात दवाखान्यासाठी धर्मादाय शर्यत निघाली. रसीफच्या चौकातून निघायचं, अरुंद गल्लीनं चढ चढून बाब बूजलूदच्या दरवाजापाशी आखलेल्या रेषेच्या आत पोचायचं. तिघातिघांचे संघ. दवाखान्यात डायलिसिसचं मशिन एकच होतं, दुसऱ्यासाठी लोकांनी पैसे जमवले, पण थोडे कमीच पडले. कातड्याचे व्यापारी हाजी लमरीनी म्हणाले, "आपल्या गल्लीचा संघ दुपारच्या बांगेआधी पोचला तर उरलेले मी भरतो. पण तिघंही हं. दोघं आले तर दोघांना चहा पाजीन, बस्स."

गल्लीतली हनिया रेशमी दोऱ्याची बटणं विणायची. तिचा नवरा इद्रीस आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जायचा आणि नंबर लागेस्तोवर दिवसभर बाकावर बसून राहायचा. घरी यायचा तो रात्री, भिंतीचा आधार घेत. हनिया थेट तबेल्यात आली.

"बा अल्लाल, आपल्याला धावायचंय."

"लल्ला," गल्लीतल्या बायकांना तो बाईसाहेब म्हणावं तसं लल्ला म्हणायचा, "मी कधी धावलोय? आमच्या धंद्यात ज्याचं खेचर पळालं तोच धावतो."

"मग माझं पळालंय असं समजा."

अल्लालनं मसऊदापुढे चारा टाकला आणि स्वतःचे जोडे घट्ट केले. तिसरा आपणहून आला. ताहर, वालाचं घट्ट कढण विकणारा, स्वतःच्या मालाचा सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. "मला घेतलं नाहीत तर उद्यापासून तुमच्या वाटीत तेल घालणार नाही," म्हणाला. घेतला.

शर्यतीच्या दिवशी ताहर पायघोळ झगा घालून आला. सगळी गल्ली अल्लालला सांगत होती, "तुझे पाय दणकट, तू पुढे राहा. बाकीचे येतील तुझ्या मागून." त्यानं ऐकलं. पहिला चढ भराभर चढला आणि वर जाऊन वळून पाहिलं तर मागे कुणीच नाही. आयुष्यभर डोळ्यांसमोर मसऊदाची शेपटी बघत चाललेला माणूस तो. पुढे नुसती मोकळी गल्ली दिसल्यावर बावचळून गेला. आला तसा खाली उतरला.

ताहर मसालेवाल्याच्या पायरीवर बसला होता. हनिया त्याला ओढणीच्या टोकानं वारा घालत होती.

"तुम्ही जा," ताहर म्हणाला. "मी इथंच दुकान टाकतो."

"उठ," अल्लाल म्हणाला. "आता ओझं पुढे, हाकणारा मागे."

"ओझं कुणाला म्हणतोस रे?"

"तुझ्या पोटाला. तुला नाही."

मग तो दोघांच्या मागे राहिला आणि खेचर हाकावं तसं हाकू लागला. चढावर सरळ जाऊ देईना. "डावीकडे तिरका चल, आता उजवीकडे. थांबायचं ते उभ्यानं, बसायचं नाही. बसलास की गुडघे रुसतात." खरंच, ताहरचा श्वास जागेवर आला. पुढे धावणाऱ्यांची गर्दी दाटली, तेव्हा अल्लालच्या तोंडून सवयीनं आरोळी सुटली, "बाजूऽऽ! बाजूऽऽ व्हा!"

झालं! खेचरवाल्याची ही आरोळी आली की फेझचा माणूस भिंतीला चिकटतो, मागे वळूनही बघत नाही. सगळे चिकटले. तरणे चिकटले, पाहुणे चिकटले, आणि ताहर आणि हनियाही चिकटले. मधली गल्ली रिकामी आणि मधोमध एकटा अल्लाल.

"तुम्ही कशाला चिकटलात?"

"तूच म्हणालास ना बाजू व्हा!"

"अरे, तुम्हाला नव्हे!"

हनिया हसून हसून खाली बसली. त्या हसण्यात किती वेळ गेला, देव जाणे. शेवटच्या चढाला ताहरच्या पोटरीत गोळा आला. तो भिंतीला टेकून रडवेला झाला. "माझ्यापायी इद्रीसचं मशिन जाणार."

अल्लालनं त्याला नीट न्याहाळलं. ओझं एका बाजूला झुकलं की खेचर घसरतं. दोन्हीकडे सारखं हवं. त्यानं ताहरचा एक हात आपल्या खांद्यावर घेतला. दुसरीकडे हनिया घुटमळली, परपुरुषाला हात कसा लावायचा? मग तिनं झग्याची बाही मुठीत धरली आणि अशी ओढली की शिवण उसवली.

"सावकाश, लल्ला, बायकोनं शिवलाय तो!"

"मीच नवा शिवून देईन. चला!"

दरवाजा दिसला तोच मिनारावरचा लाउडस्पीकर खरखरला. बांग देणाऱ्या मुअज्जिननं घसा खाकरला. ताहर वर बघून ओरडला, "थांबा हो बाबा, जरा पाणी प्या!" मग तिघांनी एकदम अंग झोकून दिलं, आणि बांग सुरू झाली.

सावलीत खुर्ची टाकून बसलेले हाजी वाकून जमिनीवरच्या रेषेकडे बघत म्हणाले, "अल्लाल आत होता. लल्लाही आत होती. पण ताहर, तुझा मागचा पाय बाहेर होता रे."

"पाय असेल, हाजी. पण पोट केव्हाच आत आलं होतं, आणि पोट माझंच आहे."

हाजींना इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. "चला, पोट धरलं," ते म्हणाले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

हनिया चहाला थांबली नाही. तशीच दवाखान्याकडे निघाली, अन् तिला एकटीला कसं सोडायचं म्हणून मागून अल्लाल. इद्रीस बाकावर भिंतीला डोकं टेकून बसला होता. हनिया त्याच्यासमोर उभी राहून ओढणीनं डोळे पुसू लागली. अल्लाल त्याच्या शेजारी बसला, आपला जोडा काढून तळवा चोळू लागला.

"काय झालं?" इद्रीसनं विचारलं. "ही रडतेय का?"

"दमलीय. तुझं मशिन ओढत आणलंय तिनं वरपर्यंत. जरा सरक, तिला बसू दे."

इद्रीस सरकला.