शेंडीचा नारळ

समुद्राला वाहायचा नारळ मी चटणीसाठी फोडला. बरं, त्याला चांगली लांब शेंडी होती. शेंडी ठेवलेला नारळ पूजेचा असतो, हे मराठी घरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी ती कात्रीने कापली, मिक्सर लावला आणि डोशांबरोबर चटणी दोनदा वाढून घेतली.

नवस आईचा होता, तोही माझ्याचसाठी. गेल्या वर्षी माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा जयपूरच्या इस्पितळात बाकावर बसून ती तिच्या कोकणातल्या दर्याला म्हणाली होती, पोरगं घरी येऊ दे, नारळी पौर्णिमेला स्वतः येऊन नारळ देईन. एरवी जयपुरात, आमच्या वैशाली नगरातल्या घरी, ती गच्चीवरच्या टाकीला हळदकुंकू लावून भागवते. नवसाला टाकी कशी चालेल? तिच्या गुडघ्यांना हॉटेलांचे जिने नकोत म्हणून मी कॅरव्हॅन भाड्याने घेतली, आणि कोकण लांब पडतं म्हणून नकाशात पाहून कच्छकडचं एक बंदर निवडलं. जयपूरबाहेरचं बगरू गाव मागे पडायच्या आत बायकोने विचारलं होतं, "तिथे किनारा आहे ना?" मी म्हणालो, "समुद्र आहे म्हटल्यावर किनारा कुठे जाणार?"

किनारा भिंतीमागे गेला होता. तेलाच्या टाक्या, धुराडी, क्रेन, मिठाचे पांढरे ढीग, आणि प्रत्येक रस्ता शेवटी एका फाटकाशी. तिथला पहारेकरी शांतपणे सांगायचा, "साहब, समंदर अंदर है. पास लगेगा." आणलेला नारळ मी सकाळीच गाडीतल्या मिक्सरमध्ये घातला होता, आणि दुसऱ्या नारळाची तीच गत. पौर्णिमा त्या गावचीही होती, त्यामुळे दुकानं सकाळीच रिकामी झाली होती. बायको माझ्याशी बोलेना. जयपुरात वाढलेली लेक मात्र बोलत होती, "बाबा, मतलब, आजीच्या देवाचा नारळ आपण खाऊन टाकला?" आई खिडकीशी रिकामं तबक मांडीवर घेऊन बसली होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "आता पुढच्या वर्षी मी असेन नसेन," एवढंच म्हणाली.

मी देवाला मानतो, पण त्याला रस्ता विचारत नाही. त्यासाठी माझ्याकडे मोबाइल आहे. दिवस कलला तसा मोबाइलही गप्प झाला. तेव्हा मी मनात म्हणालो, बाबा रे, मला जमत नाही, आता तूच ने. आणि समोर आली त्या गल्लीत गाडी घातली. गल्ली अरुंद होत गेली आणि दोन घरांच्या मध्ये आमचं ते चालतं घर बुचासारखं बसलं. पुढे जाईना, मागे येईना. सगळी वस्ती गोळा झाली. एक म्हातारी खारवीण, मासेमारांच्या घरातली, पत्र्यावर थापा मारत ओरडली, "अरे भाई, आ रस्तो गाडी माटे नथी!" तेवढ्यात तिला खिडकीतलं तबक दिसलं. हळदकुंकू दिसलं, नारळ दिसला नाही. ती घरात गेली आणि एक नारळ घेऊन आली. तिच्याकडे दर बोटीमागे एक नारळ असतो. यंदा धाकट्याची बोट दुरुस्तीला लागली होती, म्हणून तो उरला होता. त्याला शेंडी होती.

तिने आईचा हात धरला. घरामागे चार पावलांवर खाडी होती, भरतीचं पाणी पायऱ्यांना लागलं होतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण नारळ दोघींनी मिळून सोडला. आई पाण्याला हात लावून कितीतरी वेळ रडली. हा योगायोग की कृपा, मी ठरवत बसत नाही. दिवसभर मी रस्ता शोधत होतो तेव्हा भिंतीच भेटल्या, आणि हात टेकले तिथे पाणी निघालं. त्या माउलीला आणि त्या खाडीला मी रोज आठवतो.

वस्तीने गाडी ढकलून बाहेर काढली. मी भारावून म्हणालो, "आई, बघ, दर्यानेच आपल्याला बोलावलं."

आई पदराने पाय पुसत म्हणाली, "बोलावलं ते मला. तुला गाडी चालवायला आणलं होतं, तीही धड चालवली नाहीस."