भिंतींआधी दार

वऱ्हाड मध्यप्रांतात मोडत होतं तेव्हाची गोष्ट. अकोल्यात मोर्णेच्या काठी आमचा मळा होता. वांगी, मेथी, झेंडू, बाजारात खपेल ते आम्ही लावायचो. त्या साली बांधालगतच्या पट्ट्यात बाळापूरकडचं एक जोडपं येऊन राहिलं. राहिलं म्हणजे काय, बाभळीखाली तीन दगडांची चूल आणि वर आभाळ. तो कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करी, ती कडेवरचं पोर घेऊन आमच्याकडे तण निंदायला येई. बाबांना तो पट्टा वांग्यांसाठी हवा होता. दिवाळी झाली की उठा, असं त्यांनी बजावलं होतं. मला ते मुळीच आवडलं नव्हतं, पण बाबांपुढे बोलायची कोणाची टाप नव्हती.

दिवाळीत पलीकडच्या पटांगणात सिनेमाचा तंबू लागला. पडदा पाण्याने ओला ठेवला की चित्र मागूनही दिसे, म्हणून तिकिटवाले पुढे आणि फुकटे मागे. पाणी आमच्या विहिरीचं, त्यामुळे आम्ही ऐटीत पुढे बसलो. ती पोराला घेऊन मागे, फुकट्यांत. सिनेमा मोठा अजब होता. शहराबाहेर उघड्यावर पडलेली माणसं कोळशाने हवेतच दार काढत. दार लोटून आत गेलं की दिवा, पाट, वाढलेलं ताट. कोतवाल तिथूनच आरपार चालत जाई, त्याला काही दिसत नसे. भिंतीशिवाय दार असतं का कुठे, म्हणत बाबा वैतागून मधेच उठले.

दिवाळी सरली होती; सकाळी ते जोडप्याला पट्ट्यातून उठवायला निघाले. मी मागोमाग. बघते तर बाभळीखाली खरंच दार. दोन मेढी, वर आडवं लाकूड, त्यावरून सोडलेलं तरट, पुढे सडा-रांगोळी. भिंत नावालाही नाही. पलीकडे चुलीशी बसलेली ती स्पष्ट दिसत होती. बाबा बाजूने सहज गेले असते. पण दुसऱ्याच्या दारात वाहणा काढायच्या, खाकरायचं आणि ‘या’ म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. ते रांगोळीपाशी थबकले. वाहणा काढल्या. खाकरले.

“हाय का कोनी घरात?”

तिने पदर सारखा करून तरट बाजूला केलं. “या ना मालक, बसा.” मग गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी आणून दिलं. बाबा पाणी प्यायले आणि बोलायचं ते न बोलताच परत आले. मला हसू आवरेना.

“आता कसे उठवता त्यायले?” आई म्हणाली. “त्यायच्या घरचं पानी पेले ना तुमी.”

काहून टोचून राहिली, म्हणून बाबा तिच्यावर खेकसले. पण दुपारी मागच्या सालच्या पऱ्हाट्यांची, कपाशीच्या वाळक्या काटक्यांची, गाडीच त्यांनी बांधावर रिकामी केली. दार आहे अन् कुडाची भिंत नाही, बरं दिसत नाही, एवढंच बोलले. मला त्या दिवशी बाबा फार आवडले. वांगी त्यांनी विहिरीकडच्या अंगाला लावली.

पुढच्या दिवाळीत तोच तंबू आला, तोच सिनेमा घेऊन. मी तिच्या दारात जाऊन खाकरले. या खेपेला आमच्याबरोबर पुढे बसायला चल, म्हटलं. ती कुडाला शेणमाती लिंपत होती. हात न थांबवता म्हणाली,

“घर टाकून कशी येऊ मी?”